जांभ्याच्या अंगणात रीच ट्रक?

अरुंद गोदामाला रीच ट्रकच (काटे पुढे-मागे सरकवून रॅकवर माल ठेवणारी गाडी) घ्या, हा एका लेखात वाचलेला सल्ला अर्धाच पटला. साध्या फोर्कलिफ्टला (पुढच्या काट्यांवर माल उचलणारी गाडी) दोन रॅकमध्ये ३.५ ते ४ मीटरची गल्ली लागते, रीच ट्रकचं ३ मीटरच्या आसपास भागतं, हे खरंच. पण त्याची चाकं बारकी नि कडक, गुळगुळीत काँक्रीटच हवं. आमचं रत्नागिरीजवळ काजूचं गोदाम, बाहेर जांभ्याचं अंगण, त्यात पावसाळा! डेमोला आणलेला रीच ट्रक दारातल्या उंबऱ्यावरच अडकून बसला. शेवटी तीनचाकी बॅटरीवाली फोर्कलिफ्ट घेतली, मागचं चाक पार आडवं होतं, थोडक्या जागेत वळते. डिझेलची नकोच, काजूगराला धुराचा वास धरतो. आणि हो, गल्ली मोजताना रॅकबाहेर आलेलं पॅलेटही (मालाखालचा फळ्यांचा पाट) धरा. आम्ही नुसतं रॅकच्या खांबांमधलं अंतर मोजलं, पहिल्याच दिवशी एक खांब वाकला.