'सेन्सर बदलला आणि व्हॅन पळाली' : एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमची व्हॅन ओढत नव्हती, मेकॅनिकने रेल प्रेशर सेन्सर (इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या नळीतला, म्हणजे रेलमधला, दाब मोजणारा) बदलला आणि ती पळाली. मग 'आधी मीटर लावा', म्हणजे सेन्सर बदलण्याआधी मल्टिमीटरने व्होल्ट मोजा, हा माझा सल्ला गाडीवाल्याची रोजी बुडवणारा आहे, असं तुम्ही लिहिलंत. रोजीचं खरं आहे. पहाटे कळमन्याच्या बाजारात संत्री भरायला उभ्या असलेल्या माणसाचा विचार मी मागच्या लेखात करायला हवा होता.

पण एवढं तपासायला दहा मिनिटं पुरतात. सेन्सरला सहसा तीन तारा असतात : ५ व्होल्टची, अर्थची आणि सिग्नलची. चावी ऑन, इंजिन बंद, रेलमधलं प्रेशर उतरलेलं. अशा वेळी बहुतेक सेन्सर सिग्नलच्या तारेवर ०.५ व्होल्टच्या आसपास दाखवतात. ५ व्होल्टच पोचत नसतील, तर नवा सेन्सर तरी काय करणार? उंदराने तार कुरतडलेली असते, कधी नागपूरच्या उन्हाळ्यांनी तारेचं आवरण कडक होऊन तडकलेलं असतं.

स्कॅनरवर येणारा बिघाडाचा कोडही नीट वाचा. पी ०१९२ आणि पी ०१९३ सेन्सरच्या सर्किटबद्दल बोलतात. पी ००८७ मात्र 'रेलमध्ये प्रेशर कमी आहे' असं सांगतो. माझ्या व्हॅनवर हाच आला होता. वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर गाडी चढेना. एका गॅरेजमध्ये सेन्सर बदलला, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. परत बदलला. शेवटी डिझेल फिल्टर चोंदलेला निघाला. सेन्सर खरं सांगत होता आणि आम्ही त्यालाच दोनदा काढून फेकलं. ते पैसे मला अजून सलतात, म्हणूनच मी इतकं आग्रहाने लिहितो.

तुमचा सेन्सर खरंच गेलेला असू शकतो. पण बदलताना कनेक्टर काढून परत घट्ट बसला, तेवढ्यानेही गाडी सुधारते. जुना जपून ठेवला असेल, तर इंजिन बंद ठेवून तो नुसता कनेक्टरला जोडा आणि व्होल्ट बघा. नंतर आलेला कोड पुसून टाका. ०.५ आले म्हणजे तो ठणठणीत असं नव्हे, पण भलताच आकडा आला तर तुमचा मेकॅनिक बरोबर होता. एक मात्र हात जोडून सांगतो, इंजिन चालू असताना रेलचा एकही नट ढिला करू नका. हजार बारच्या वरच्या दाबाची डिझेलची धार कातडी फाडून आत शिरते.

शेवटी तुम्ही विचारलंत की, इंजिन बंद असताना स्कॅनर १०१ ऐवजी ९७ किलोपास्कल दाखवतो, म्हणजे बूस्ट सेन्सरही (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब मोजणारा) बदलायचा का? नाही! इंजिन बंद असताना तो बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. १०१ हा समुद्रसपाटीचा आकडा; नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब एवढाच असतो. शेजारी कुणाला तरी स्कॅनर धरायला बसवा आणि भरल्या गाडीने चढ चढा. आकडा ९७ वरून चांगला वर जात असेल, तर त्या सेन्सरला हातही लावू नका.