भिंतीआडची गोदी

गेटवेवरून मांडव्याची लाँच सुटली की मी डाव्या बाजूची जागा धरते. बाकीचे ताजमहाल हॉटेलचे फोटो काढत असतात, सीगल पक्ष्यांना खाऊ टाकत असतात. माझं लक्ष उत्तरेकडे, करड्या युद्धनौका आणि क्रेन दिसतात तिकडे असतं. त्यांच्या मागे, आजच्या नेव्हल डॉकयार्डात, कुठेतरी १७५० साली बांधलेली कोरडी गोदी आहे. लाँचमधून ती दिसत नाही. माझे आजोबा त्या भिंतीआड तीस वर्षं सुतार होते. आमच्यासाठी ते कधी ‘कामाला’ गेले नाहीत, कायम ‘गोदीत’ गेले.

गेल्या महिन्यात घरच्या ग्रुपवर मी या गोदीबद्दल चार ओळी लिहिल्या. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांचं लगेच उत्तर आलं, “ती इंग्रजांची गोदी. आपलं आरमार १७५६ ला विजयदुर्गात जळलं, तिथेच विषय संपला.” नातं आणि वय बघून मी तिथे गप्प राहिले. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून इथे सविस्तर लिहिते. (आरमार तिथे संपलंही नव्हतं. पेशव्यांच्या आरमाराचे प्रमुख आनंदराव धुळप यांनी १७८३ साली इंग्रजांचं ‘रेंजर’ जहाज पकडलं. पण तो वेगळा विषय.)

माझं म्हणणं असं की ही गोदी आपली आहे, आणि ज्यांना मराठा आरमाराच्या आंग्र्यांचा अभिमान आहे त्यांनी तर ती सगळ्यांत आधी आपली म्हणायला हवी.

ही गोदी झाली का, ते बघा. १७१८ ला खांदेरीवरून आणि १७२१ ला कुलाब्यावरून ईस्ट इंडिया कंपनीला हात हलवत परतावं लागलं होतं. आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं ही हलकी लढाऊ जहाजं किनाऱ्यालगतच्या पाण्यात ज्या सहजतेने फिरत, तिथे विलायतेहून आलेली अवजड जहाजं अडखळत. कान्होजी आंग्रे गेले तरी धाक गेला नाही. १७३५ च्या डिसेंबरात त्यांचे चिरंजीव संभाजी आंग्रे यांनी इंग्लंडहून मुंबईला येणारं कंपनीचं ‘डर्बी’ हे मोठं जहाज पकडलं. आणि १७३५-३६ च्याच सुमारास कंपनीने सुरतेच्या लवजी नसरवानजी नावाच्या पारशी सुताराला काही जोडीदारांसह मुंबईत आणलं. जहाजं मुंबईतच बांधायची, मुंबईतच दुरुस्त करायची. कारणं आणखीही होती, पण कंपनीला घाई करायला लावली ती आंग्र्यांनी, असं मी मानते.

लवजींच्या घराण्याला पुढे वाडिया म्हणू लागले. वाडिया म्हणजेच जहाज बांधणारा. जवळजवळ दीडशे वर्षं या गोदीच्या मुख्य मिस्त्रीचं काम त्यांच्याच घरात राहिलं आणि तीनशेहून जास्त जहाजं त्यांच्या देखरेखीखाली पाण्यात उतरली.

आता कोरड्या गोदीचं एवढं कौतुक का, ते सांगते. हे मला आजोबांनी अंगणात पाण्याचं घमेलं आणि माझी खेळण्यातली होडी घेऊन समजावलं होतं. लाकडी जहाज खाऱ्या पाण्यात राहिलं की त्याचा तळ किडा पोखरतो, वर शेवाळ आणि कालवं चिकटतात, चाल मंदावते. तळ साफ करायचा तर पूर्वी उधाणाच्या भरतीला जहाज चिखलात चढवायचं, ओहोटीला ते एका कुशीवर कलंडलं की भराभर तेवढी बाजू खरवडायची आणि पाणी परत यायच्या आत हात काढून घ्यायचे. छोट्या पडावाला हे चालतं. मोठं जहाज असं वारंवार आडवं केलं तर त्याचे सांधे निखळतात. कोरड्या गोदीत जहाज भरतीला आत घ्यायचं, ठोकळ्यांवर बसवायचं, ओहोटीबरोबर पाणी उतरू द्यायचं आणि दरवाजा बंद. आत जहाज ताठ उभं. माणूस त्याच्या पोटाखालून चालत जाऊ शकतो, आठवडाच्या आठवडा काम करू शकतो. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त चढतं आणि उतरतं. तो जोर इथे समुद्राने फुकट दिला होता. पहिली गोदी १७५० ला झाली, तिला जोडून १७६२ आणि १७६५ ला आणखी दोन.

विजयदुर्गाजवळ गिर्ये इथे, वाघोटण खाडीत, आंग्र्यांची गोदी आहे. कातळ फोडून केलेली, सुमारे ३५० फूट लांब, आता गाळ साचलेली. मी ती ओहोटीच्या वेळी बघितली आणि मला अंगणातलं घमेलं आठवलं. युक्ती तीच. भरतीला आत, ओहोटीला काम. खाडी कोणाच्या ताब्यात आहे हे पाण्याला कळत नाही आणि जहाज बांधणाऱ्या सुताराचं पहिलं नातं त्या पाण्याशी असतं.

पण इथे एक गोष्ट टाळून चालणार नाही. १७५६ ला इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनचं जे आरमार विजयदुर्गावर चालून गेलं, ते मुंबईहूनच निघालं होतं. जमिनीवरून पेशव्यांची फौज त्याच्या साथीला होती. तुळाजी आंग्र्यांची जहाजं तिथे जळाली. म्हणजे ज्या गोदीला मी आपली म्हणते आहे, तिच्याच धक्क्यावरून आपलं आरमार जाळणारी माणसं गेली. पुढे १८१३ साली इथेच बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ जहाजावर १८४२ मध्ये चीनला नानकिंगचा तह मान्य करावा लागला, अफूच्या युद्धानंतरचा. हे वाचताना मला अभिमान वाटत नाही आणि वाटू नये. कारागिरी आपली होती, हुकूम दुसऱ्याचा होता. दोन्ही एकत्र सांगितलं नाही तर आपण अर्धंच सांगतो. पण हुकूम दुसऱ्याचा होता म्हणून कारागिरीही दुसऱ्याला देऊन टाकायची, हे मला पटत नाही. तसं केलं तर माझ्या आजोबांच्या आधी त्या आवारात घाम गाळलेल्या सहा-सात पिढ्या इंग्रजांच्या खात्यात जातात.

आणि ती कारागिरी काय दर्जाची होती! विलायती जहाजं ओकची असत. ओकमधलं आम्ल लोखंडी खिळा खातं. सागात तेल असतं, ते खिळ्याला राखतं. इथले सुतार दोन फळ्या नुसत्या एकमेकींना टेकवत नसत, कडेला खाचा पाडून एकीत दुसरी बसवत आणि मध्ये चुना-कापूस भरत. नव्या जहाजाच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकण्याचा विधी पारशी मिस्त्री करत. १८१० ला जमशेटजी बमनजी वाडियांनी ‘मिंडन’ पाण्यात उतरवलं, ७४ तोफांचं. ब्रिटिश नौदलाचं एवढ्या वर्गाचं जहाज ब्रिटनच्या बाहेर बांधलं जाण्याची ती पहिली वेळ होती. (अमेरिकेचं राष्ट्रगीत ‘मिंडन’वर लिहिलं गेलं, असा फॉरवर्ड दरवर्षी फिरतो. कृपया पुढे पाठवू नका. ते गीत लिहिणारा फ्रान्सिस स्कॉट की तेव्हा अमेरिकन जहाजावर होता. ‘मिंडन’ला या उसन्या मोठेपणाची गरज नाही.) याच जमशेटजींनी १८०० साली बांधलेल्या एका जहाजाच्या आतल्या तुळईवर कोरून ठेवलं होतं, असं सांगतात, की हे जहाज एका काळ्या माणसाने बांधलं आहे. त्या काळात इंग्रजांच्या तोंडी असलेल्या शिवीसकट. वर्षांनंतर दुरुस्तीत ती अक्षरं सापडल्याचं म्हणतात. त्या माणसाच्या मनात काय साठलं असेल, याचा मी खूपदा विचार करते.

‘त्रिंकोमाली’ तर अजून तरंगतं आहे. त्याचे पहिले नकाशे ‘जावा’ या ब्रिटिश जहाजातून इकडे येत होते. १८१२ ला अमेरिकनांनी ते जहाज पकडलं आणि नकाशे गेले, दुसरे मागवावे लागले. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज मुंबईच्या पाण्यात उतरलं. आज ते इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे. पाण्यावर तरंगणारी सर्वांत जुनी ब्रिटिश युद्धनौका म्हणून लोक तिकीट काढून ते बघतात. दोनशे वर्षांचा साग, मुंबईत तासलेला. तो बघायला मला व्हिसा लागतो.

नौदलाचं चालू आवार आहे, तिथे कुणीही यावं-जावं असं मी म्हणत नाही. सुरक्षा हवीच. पण भिंतीबाहेर तरी काही दिसावं ना? काळाघोड्याला रोप वॉक लेन आहे. त्या गल्लीत जहाजांचे दोर वळले जात, म्हणून ते नाव. तिथे कॉफी पिणाऱ्या किती जणांना हे माहीत आहे? आवारातल्या नौदलाच्या तळाचं नाव आहे आय.एन.एस. आंग्रे. कंपनीच्या जुन्या किल्ल्यात आज कान्होजींचं नाव नांदतं आहे. माझ्या त्या नातेवाइकांना हे कळलं तर ते काय म्हणतील, कोण जाणे. मला तर वाटतं, आंग्रे आणि वाडिया ही दोन नावं एकाच आवारात आहेत, तशीच ती शाळेच्या एकाच धड्यात यायला हवीत. शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडीच्या खाडीत जहाजबांधणी सुरू केली, तिथपासून माझगाव डॉकपर्यंत सलग.

१५ जानेवारी २०२५ ला याच नेव्हल डॉकयार्डात माझगाव डॉकने बांधलेली ‘आय.एन.एस. सुरत’ नौदलात दाखल झाली. ‘निलगिरी’ आणि ‘वाघशीर’ही त्याच दिवशी. मी तो कार्यक्रम टीव्हीवर बघितला. लवजी ज्या गावाहून हत्यारं घेऊन आले, त्या गावाचं नाव जहाजावर, आणि ते जहाज त्यांच्याच गोदीच्या आवारात. निवेदनात लवजींचं नाव कधी येतं म्हणून मी कान देऊन ऐकत होते. मी ऐकलं तेवढ्यात तरी ते आलं नाही.

नावं तर लवजी-जमशेटजींची तरी उरली. वाकस (लाकूड तासायचं हत्यार) चालवणारे, सामत्याने भोकं पाडणारे, फटींत कापूस ठासणारे, सागाचे ओंडके ओढणारे, त्यांची यादी मला कुठेच मिळाली नाही. आजोबांकडे आठवणी होत्या. त्यांचं जहाजाच्या प्रत्येक लाकडाला वेगळं नाव होतं. मी वही घेऊन बसायचं ठरवत राहिले आणि ते गेले. आता त्यातले सात-आठ शब्द मला आठवतात, तेही कशाला म्हणायचे याची खात्री नाही.

तुमच्या घरात कुणी गोदीत होतं का? नेव्हल डॉकयार्ड, माझगाव, किंवा कोकणातल्या एखाद्या खाडीकाठी होड्या बांधणारं? असेल तर खाली लिहा. हत्यारांची नावं, लाकडांची नावं, ओझं ओढताना म्हणायची आरोळी, जे आठवेल ते. मी वही काढली आहे. आजोबांची वाकस आहे माझ्याकडे, दांडा त्यांच्या हाताने गुळगुळीत झालेला. तिचा फोटो पहिल्या कमेंटमध्ये टाकते.