ती जागीच गेली

गेल्या आठवड्यात माझी मोटारसायकल झाडाखाली उभी होती, आणि सकाळी झाड तिच्यावर आडवं होतं. त्या प्रसंगात यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही. सर्व्हेअर आला, फोटो काढले, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीच्या घरात जातोय म्हणाला आणि 'टोटल लॉस' असा शेरा मारून गेला. विमा नुसता थर्ड पार्टीचा नव्हता, गाडीच्या नुकसानीचाही होता, म्हणून मी स्वतःची पाठही थोपटून घेतली.

काल क्लेमच्या खिडकीतल्या बाईंनी आरसी आणि पॉलिसी शेजारी शेजारी ठेवली, पट्टी धरली आणि म्हणाल्या, "चेसिस नंबर जुळत नाही. बारावं अक्षर. आरसीवर शून्य, पॉलिसीवर ओ."

"म्हणजे?"

"म्हणजे तुमची जी गेली तिचा विमा नाही. आणि जिचा विमा आहे ती गेलेली नाही."

मी सांगून पाहिलं की चेसिस नंबर 17 अक्षरी असतो आणि आय, ओ, क्यू ही अक्षरं त्यात मुळात वापरतच नाहीत. 1 आणि 0 शी घोळ होऊ नये म्हणून जगभर गाळलेली आहेत. (गाडी जुनी घेतली होती. चोरीची तर नाही ना, या धास्तीने तेव्हा हे सगळं वाचून काढलं होतं.)

"जगात नसेल," बाई म्हणाल्या. "सिस्टीममध्ये आहे. साहेब येईपर्यंत बसा."

बसलो. शेजारच्या खुर्चीत एक काका होते. मांडीवर पिशवी, पिशवीत फाइल आणि चेहऱ्यावर दुसऱ्याचं ऐकून घ्यायची दांडगी तयारी. त्यांनी आवाज खाली आणला.

"ती गेली, असं ऐकलं मघाशी."

"हो ना."

"किती वर्षांची होती?"

"नऊ."

"अरेरे! काय झालं हो?"

"झाड पडलं अंगावर."

"जागीच?"

"जागीच."

काकांनी डोळे मिटले. खरं सांगतो, बरं वाटलं. आठवडाभरात कुणी एवढं हळहळलं नव्हतं. घरचे तर 'तू नव्हतास ना तिच्यावर? मग झालं!' यावरच थांबले होते. जणू मी वाचलो म्हणून मला कुरकुर करायची सोय उरली नव्हती.

"तुम्ही कुठे होता तेव्हा?"

"घरात. झोपलो होतो."

"आणि ती बाहेर? पावसात?"

"ती रोज बाहेरच असायची. फारच पाऊस असला तर प्लास्टिक टाकायचो वरून."

काका खुर्चीत अंग चोरून पलीकडे झाले. इथे माझ्या ध्यानात यायला हवं होतं. पण कुणी कनवाळूपणे ऐकत असलं की माणसाची जीभ सुटते.

"माझ्याकडे तशी तीनच वर्षं होती," मी म्हणालो. "आधीच्या माणसाने फार हाल केले होते तिचे. विकत घेतली तेव्हा धड चालतसुद्धा नव्हती."

"विकत?"

"हो, आणि नावावर करून घ्यायला काय हेलपाटे घातलेत!"

काका उठले. खिडकीकडे बघून हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात मी म्हणून गेलो, "पण लिटरला पन्नास द्यायची हो शेवटपर्यंत!"

"गाडी होय!" काका धपकन बसले. चेहऱ्यावर चक्क निराशा. "मग एवढं तोंड पाडून काय बसलाय? मी म्हटलं, कोणी माणूस गेलं." पुढची वीस मिनिटं त्यांनी मला झाडाखाली गाडी का लावू नये ते समजावून सांगितलं. तुमची कुठली गाडी, विचारलं. म्हणाले, कधीच घेतली नाही.

काकांचं सोडा. तो ओ मी लिहिलेला नाही. पॉलिसी माझ्या नावावर करताना तिथल्याच कुणीतरी टाइप केला, आणि तीन वर्षं हप्ता घेताना तो कुणाला खुपला नाही. 'अहो, ही गाडी अस्तित्वातच नाही, पैसे परत न्या' असं एकदाही कुणी म्हणालं नाही. उलट मुदत संपायच्या महिनाभर आधीपासून फोन. तेव्हा बरी सापडायची माझी गाडी सिस्टीममध्ये!

साहेब आले. चेसिस नंबरचा पेन्सिलने काढलेला छाप आणा म्हणाले, शिवाय दोन्ही चाव्या. दुसरी चावी आधीच्या मालकाने मला कधी दिलीच नव्हती. ती कशासाठी हवी, हे विचारायचं बळ उरलं नव्हतं.

तर आज गॅरेजच्या मागे गुडघे टेकून बसलो. नंबर हँडलखालच्या नळीवर कोरलेला असतो. आरसे कुणीतरी आधीच काढून नेले होते. फडक्याने चिखल पुसला, कागद दाबून धरला आणि पेन्सिल आडवी घासत गेलो. 16 अक्षरं अगदी स्वच्छ उमटली. बाराव्याला तेवढा कागद केसभर सरकला, आणि शून्य चांगलं गोल, गुबगुबीत आलं.