पैठणीचा मोर आणि दीडशे केबी

आमच्या नौपाड्यातील सोसायटीचे संकेतस्थळ असावे, असा ठराव वार्षिक सभेत मंजूर झाला, तेव्हा मी समोरच्या बशीतील वेफर्स मोजत होतो. सभेत जो बोलत नाही त्याच्या गळ्यात काम पडते, या न्यायाने गुढीपाडव्याच्या स्वागतयात्रेची छायाचित्रे त्यावर चढवण्याची जबाबदारी माझ्याकडे आली. मी मोबाइलमधील चौसष्ट छायाचित्रे होती तशी, प्रत्येकी सुमारे 5 एमबीची, एकाच पानावर चढवली आणि निश्चिंत झोपलो. सकाळी सचिवांचा फोन आला. “अहो, पान उघडायला लावून माझी आंघोळ आणि पूजा झाली, तरी अजून कौपिनेश्वराचा कळसच दिसतोय. पालखी कधी यायची?”

मी तातडीने सर्व छायाचित्रे पानावर टपाल तिकिटाएवढी करून टाकली. कळस लहान झाला, एवढाच फरक पडला. शेवटी मुलीला विचारले, तेव्हा ती म्हणाली, “बाबा, तुम्ही हत्तीला लांब उभं राहून बघताय. हत्ती आहे तेवढाच आहे.” पानावर चित्र केवढे दिसावे हे सांगणे वेगळे आणि मूळ फाइलच लहान करणे वेगळे, ही गोष्ट मला वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी समजली. 4000 बाय 3000 चे छायाचित्र म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके. तेच 1200 बाय 900 केले की जेमतेम 10 लाख 80 हजार उरतात, म्हणजे अकराजणांच्या पंगतीत एकच पान मांडण्यासारखे. बाकीचे दहा आजवर उगाच जेवत होते.

ही बातमी मी सचिवांना उत्साहाने सांगितली, हे चुकलेच. टाकीच्या पाण्याची वेळ जाहीर करताना ते लावतात त्या आवाजात त्यांनी फर्मावले, “दर फोटोला दीडशे केबी. वर एक केबी मिळणार नाही.”

त्रेसष्ट छायाचित्रे मुकाट्याने बसली. चौसष्टावे तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे होते. नऊवारी पैठणी, डोक्यावर फेटा आणि खाली उभी बुलेट. ती कलंडू नये म्हणून हँडल धरून कडेला आमचे सचिव. हे चित्र दीडशेत बसेना, म्हणून मी गुणवत्तेचा काटा थोडा खाली आणला, साठवले, उघडले, आणखी खाली आणला, पुन्हा साठवले. जेपेग हा छायाचित्रे साठवण्याचा प्रकार दर वेळी साठवताना काहीतरी कायमचे टाकून देतो आणि टाकलेले परत देत नाही, हे ठाऊक नसल्यामुळे मी मूळ चित्राऐवजी मागच्या वेळी कापलेलेच पुन्हा कापत राहिलो. पाचव्या फेरीला फाइल दीडशेत आली. काकूंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला, लांब धरला आणि विचारले, “हा मोर आहे, की पावसात भिजलेला पोपट? येवल्याला स्वतः जाऊन आणली आहे रे मी ही पैठणी!”

काकूंचे म्हणणे शास्त्राला धरून होते. आपल्या डोळ्याला उजेड-अंधारातला फरक बारकाईने कळतो, रंगातला तितका कळत नाही. या दुबळेपणाचा फायदा घेऊन जेपेग साधारणपणे चार ठिपक्यांना मिळून एकच रंग देतो आणि मग 8 बाय 8 च्या चौकटी करून त्यांतील बारकावे गाळतो. आभाळ किंवा पालिकेची भिंत असेल तर कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु लालभडक पदरावर हिरवा मोर विणणाऱ्याने नेमके तेच बारकावे जपलेले असतात. गूगलने 2010 मध्ये आणलेला वेबपी हा चित्रांचा दुसरा प्रकारही वापरून पाहिला. फाइल घटली, पण नेहमीच्या पद्धतीने दाबताना तोही चौघांत एकच रंग वाटतो, त्यामुळे मोराची पिसे लालीत विरघळलेलीच राहिली.

अखेर मुलीने मूळ छायाचित्र काढून दिले आणि जेपेगमध्येच प्रत्येक ठिपक्याला स्वतःचा रंग ठेवण्याची सोय दाखवली. मोर चोचीसकट परत आला. फाइल मात्र 190 केबी झाली. गुणवत्ता कमी करावी तर काकू, करू नये तर सचिव! तेव्हा चित्राची डावी बाजू माझ्या नजरेस पडली. पाव भाग छाटला, फाइल 146 केबी झाली, आणि मी ती चढवून दिवा मालवला.

दोन दिवसांनी सचिवांचा फोन आला. पान झटक्यात उघडते, मोर झकास दिसतो, काकू सर्वांना बोलावून बोलावून दाखवीत आहेत, असे सगळे सांगून झाल्यावर ते जरा घुटमळले.

“एक विचारू? त्या बुलेटच्या हँडलवर नुसतीच तीन बोटं दिसतायत. त्यातली अंगठी मला ओळखीची वाटते हो.”