‘वाळका पाला’ म्हणून नाक मुरडण्याआधी

व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल. म्हणणं थोडक्यात असं: वाळवलेल्या हर्ब्ज (ओरेगॅनो, थाइमसारखी स्वयंपाकातली सुगंधी पानं) म्हणजे नुसता पाला, चव पाण्याबरोबर उडालेली. घ्यायच्याच तर हिरव्यागार बघून घ्या. ताज्या पानांइतक्याच घाला, त्याही गॅस बंद करताना. आणि तारीख उलटली की ते विष!

पहिला मुद्दा निम्मा खरा आहे, म्हणून तर तो खपतो. पार्स्ले, कोथिंबीर, चाइव्ह्ज (कांद्याच्या पातीसारखी बारीक पात) वाळवल्या की खरोखरच गवत उरतं. पण ओरेगॅनो, थाइम, रोझमेरी ही काटक, उन्हातान्हात वाढणारी झाडं. ओरेगॅनोतलं कार्व्हाक्रॉल आणि थाइममधलं थायमॉल ही वास देणारी द्रव्यं २३० अंश सेल्सिअसच्या पुढे उकळतात, त्यामुळे सावलीत पान वाळलं तरी वासाचा बराचसा ऐवज आतच राहतो. मला तर ओरेगॅनो वाळवलेलाच आवडतो. बेसिल अधलंमधलं: वाळलं की वाईट नाही, पण ताज्याची आठवण काढत बसू नये.

‘हिरव्यागार घ्या’ हा सल्ला अपुरा आहे. पान तपकिरी, विटकं दिसलं तर माल जुना, एवढंच रंग सांगतो. भेसळ सांगत नाही. ब्रिटनमधल्या ‘विच?’ या ग्राहक संस्थेने २०१५ मध्ये ओरेगॅनोचे ७८ नमुने तपासून घेतले, तेव्हा १९ नमुन्यांत दुसरीच पानं निघाली, बहुतेक ऑलिव्हची आणि मर्टल नावाच्या झुडपाची. तीही वाळून चुरली की हिरवट करडीच दिसतात. म्हणून पूड न घेता शक्य तितकी अखंड पानं घ्यावीत. घरी आल्यावर चिमूटभर तळहातावर घेऊन अंगठ्याने चुरडा, क्षणभर हाताची ऊब लागू द्या आणि हुंगा. चांगला थाइम नाकात झणकन शिरतो. गंजीतल्या गवताचा वास आला, तर ती बाटली भाजीत कितीही ओतली तरी उपयोग नाही.

प्रमाणाबद्दलचा सल्ला मात्र सरळ चूक. ताजी पानं तीन चमचे असतील तिथे वाळलेली एक चमचा. बरोबरीने घातलात तर ओरेगॅनो पदार्थ कडू करून टाकतो.

शेवटी भुरभुरायचंही तसंच. वाळलेल्या पानाला भिजून मऊ व्हायला वेळ लागतो, आणि त्यातली सुगंधी द्रव्यं पाण्यापेक्षा तेलात सहज उतरतात. कांदा मऊ झाला की थाइम तेलात टाकून बघा. दहा सेकंदांत वास पालटतो. रोझमेरी उशिरा घातली तर तिची सुईसारखी पानं तशीच कडक दाताखाली येतात. शेवटी घालायची ती ताजी, नाजूक पानं.

राहिली तारीख. कोरडी राहिलेली हर्ब विष होत नाही, बिनवासाची होते. खरा शत्रू वाफ. मी स्वतः कित्येक वर्षं बाटल्या शेगडीच्या वरच्या फळीवर ठेवल्या आणि उकळत्या भांड्यावरच उपड्या करून झटकल्या. एक दिवस थाइमचा गोळा काही केल्या बाहेर येईना, चमच्याने उकरला तर तळाशी पांढरी बुरशी. ती बाटली तशीच कचऱ्यात गेली. आता बाटल्या बंद कपाटात असतात आणि लागेल तेवढं आधी वाटीत काढून घेते.