जुन्या स्पोर्ट्स कारमधला ड्युअल क्लच: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गोव्यातल्या गाडीवेड्या मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतो आहे. त्याचा आशय असा: ड्युअल क्लच गिअरबॉक्स (म्हणजे सम आणि विषम गिअरांसाठी दोन वेगळे क्लच असलेला, क्लचचे पेडल नसलेला बॉक्स) ६०,००० किलोमीटरला संपतो, तो दुरुस्त होत नाही, अख्खा बदलावा लागतो आणि त्यात गाडीची निम्मी किंमत जाते, गोव्याच्या दमट हवेत तर तो टिकूच शकत नाही, सबब, जुनी स्पोर्ट्स कार घ्यायची तर मॅन्युअलच घ्यावी. पुराव्यादाखल एका लॅम्बोर्गिनी गॅलार्डोच्या आणि २०१० सालच्या एका ऑडी आर८ च्या क्लचची बिले जोडलेली आहेत. या संदेशामुळे चांगल्या गाड्या कवडीमोलाने जात आहेत आणि घेणारे नको त्या गोष्टीला घाबरून खरी तपासणी मात्र करत नाहीत, म्हणून त्यातल्या एकेका विधानाचा समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

आधी त्या बिलांचे पाहू, कारण ती इथे लागूच होत नाहीत. गॅलार्डोचा ई-गिअर आणि त्या काळच्या आर८ चा आर ट्रॉनिक हे ड्युअल क्लच नव्हेत. त्यांत एकच क्लच असतो आणि पायाऐवजी हायड्रॉलिक यंत्रणा तो दाबते. लॅम्बोर्गिनीत ड्युअल क्लच आला तो २०१४ च्या हुराकानपासून, आणि आर८ मध्ये तो पहिल्या पिढीच्या सुधारित आवृत्तीत, एस ट्रॉनिक या नावाने आला. फेरारी एफ४३० ची एफ१ यंत्रणा आणि ई४६ एम३ मधली बीएमडब्ल्यूची एसएमजी यादेखील एकाच क्लचच्या. अशा गाड्या रहदारीत क्लच भराभर खातात हे खरे, पण तो दोष ड्युअल क्लचच्या माथी मारणे न्याय्य नाही. दोन्हींत स्टिअरिंगमागे गिअर बदलण्याचे पॅडल असतात आणि डावा पाय मोकळा असतो, एवढ्यावरून हा घोळ झालेला दिसतो.

६०,००० किलोमीटरचा आकडा बहुधा सर्व्हिस बुकातूनच उचलला गेला असावा. फोक्सवॅगन समूहाचा सहा गिअरचा डीक्यू२५० हा बॉक्स २००३ साली गोल्फ आर३२ मधून बाजारात आला. आपल्याकडच्या ऑक्टाव्हिया आरएस २३० मध्येही तोच आहे. त्याचे तेल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला बदलायचे असतात. म्हणजे कंपनीने जो आकडा देखभालीचा म्हणून दिला, तो संदेशाने मरणाचा ठरवला. या बॉक्समधले दोन्ही क्लच तेलात बुडालेले असतात, एक १, ३, ५ या गिअरांसाठी आणि दुसरा २, ४, ६ साठी. घर्षणाची उष्णता तेच तेल वाहून नेते आणि झिजेची भुकटीही त्याच तेलात उतरते. ते वेळेवर बदलले नाही तर बॉक्स कुरकुरणारच.

हे तेल भरण्यातही एक मेख आहे आणि ती सगळ्याच गॅरेजांत पाळली जात नाही. डीक्यू२५० मधली तेलाची पातळी तेलाचे तापमान ३५ ते ४५ अंशांच्या दरम्यान असताना, इंजिन चालू ठेवून, खालच्या नळीतून जादा तेल गळू देऊन ठरवतात. मे महिन्यात मडगावहून पणजीला आणून लगेच लिफ्टवर चढवलेल्या गाडीचे तेल त्याच्या कितीतरी वर तापलेले असते. गरम तेल फुगते, जास्त गळून जाते आणि गाडी कमी तेलावर घरी परतते. पुढे गिअर धक्के देऊ लागले की दोष ड्युअल क्लचला मिळतो.

आता मान्य करण्याजोगा भाग. ज्यांचे क्लच तेलात बुडालेले नसतात (बाकीच्या बॉक्समध्ये तेल असतेच), ते ड्राय क्लचचे सुरुवातीचे बॉक्स खरोखरच सदोष होते, आणि ड्युअल क्लचची बदनामी मुख्यतः त्यांच्यामुळे झाली. पोलो जीटी टीएसआयमधल्या सात गिअरच्या डीक्यू२०० साठी २०१३ साली फोक्सवॅगनने जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या परत बोलावल्या; उष्ण आणि दमट हवेत, सतत थांबत-चालत गेल्यास सिंथेटिक तेलामुळे विजेचा बिघाड होऊ शकत होता, म्हणून त्याजागी खनिज तेल भरून दिले. फोर्डच्या पॉवरशिफ्टबाबत ग्राहकांच्या तक्रारी ज्या रीतीने हाताळल्या गेल्या, त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयाने २०१८ साली कंपनीला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड केला. हे सारे गंभीर आहे. परंतु पोर्शेचा पीडीके, ई९२ एम३ चा एम डीसीटी, निसान जीटी-आरचा बॉक्स किंवा फेरारी ४५८ चा बॉक्स, म्हणजे ज्यांना आपण खऱ्या अर्थाने स्पोर्ट्स कार म्हणतो त्यांतले बॉक्स, तेलात बुडालेल्या क्लचचे आहेत. पोलोचा अनुभव त्यांना जसाच्या तसा चिकटवता येत नाही.

‘दुरुस्तच होत नाही’ हे विधान एके काळी बऱ्याच अंशी खरे होते, आणि तेही तांत्रिक कारणाने नव्हे. पीडीकेच्या आतले सुटे भाग पोर्शे सुरुवातीला विकतच नसे, त्यामुळे आतला एक सेन्सर गेला तरी पूर्ण बॉक्स बदलण्याचे एस्टिमेट हाती पडे. आता तो सेन्सर बॉक्स उघडून बदलता येतो. डीक्यू२०० मध्येही गिअरचे आकडे लुकलुकून गाडी जागीच उभी राहते आणि स्कॅनरवर पी१७बीएफ हा कोड येतो, तेव्हा पुष्कळदा मेकाट्रॉनिकच्या (गिअर आणि क्लच हलवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक-हायड्रॉलिक युनिटच्या) प्रेशर ॲक्युम्युलेटरचे, म्हणजे तेलाचा दाब साठवणाऱ्या भागाचे, घर तडकलेले असते. ते घर मजबूत करून बसवण्याचे किट मिळते. जिथे अख्ख्या बॉक्सचे बिल लाखांत जाते, तिथे नेमका बिघाड ओळखणाऱ्याकडे ते पुष्कळ खाली येते. अर्थात, क्लच पॅक झिजला असेल किंवा मेकाट्रॉनिकचा बोर्ड गेला असेल, तर खर्च मोठाच आहे. मात्र जोरकस इंजिनाच्या मॅन्युअल गाडीतही क्लच आणि ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनाचे हादरे पचवणारे जड चाक) एकत्र बदलायची वेळ येते, आणि त्या बिलाचा संदेशात उल्लेखसुद्धा नाही.

दमट हवेच्या मुद्द्यावर थोडे थांबायला हवे, कारण गोव्याचा संबंध इथे खरा आहे, फक्त संदेश म्हणतो तसा नाही. तेलात बंदिस्त असलेल्या क्लचला हवेतली आर्द्रता काही करत नाही. त्रास होतो तो बाहेरच्या वायरिंगला आणि बॅटरीला. कळंगुट-कांदोळी पट्ट्यात बंगल्यांच्या पोर्चमध्ये अशा कितीतरी गाड्या पावसाळाभर उभ्या असतात, आणि मालक दिवाळीनंतर येतो. म्हापशाजवळच्या एका गॅरेजमध्ये माझ्या परिचिताची अशीच एक जर्मन कूपे मी पाहिली. एका वर्कशॉपने तिचा गिअरबॉक्स बदलायला सांगितले होते. या मेकॅनिकने बॉक्सला हात न लावता आधी बॅटरी मोजली, मग मेकाट्रॉनिकचा सॉकेट काढून दाखवला. त्याच्या दोन पिनांवर हिरवट गंज चढला होता. पिना साफ करून, बॅटरी बदलून त्याने क्लचचे ॲडॅप्टेशन (क्लच नेमका कुठे पकडतो हे गाडीच्या संगणकाला पुन्हा शिकवणे) नव्याने करून घेतले आणि गाडी विनातक्रार चालू लागली.

क्लचचा खरा घात घाटातही होत नाही. चोर्ला घाटात गाडी जोरात चढवताना क्लच पूर्ण पकडलेला असतो, घसरत नाही. तो घसरतो पर्वरीच्या चढावर, खोळंबलेल्या रांगेत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की, किंवा डिसेंबरात बागा किनाऱ्याच्या रस्त्यावर हातभर पुढे सरकत राहिले की.

तेव्हा मॅन्युअलच घ्या, या सल्ल्याला माझा विरोध आहे, पण डोळे मिटून काहीही घ्या असे मी म्हणत नाही. गाडीत नेमका कोणता बॉक्स आहे, हे चासी नंबरावरून काढावे. तेल बदलल्याची नोंद किलोमीटर आणि तारखेसह पाहावी. ‘लाइफटाइम तेल आहे’ हे उत्तर चालवून घेऊ नये. गाडी थंड असताना आणि नंतर तासभर रहदारीत चालवल्यावर, अशी दोनदा पाहावी, कारण मेकाट्रॉनिकचे पुष्कळ दोष तापल्यावरच उघडे पडतात. रिव्हर्समध्ये चढावर सावकाश घेताना थरथर येते का, हे पर्वरी किंवा आल्तिनोच्या चढावर सहज कळते. स्कॅनरवर क्लचच्या ॲडॅप्टेशनचे आकडे आणि साठलेले बिघाडाचे कोड पाहू द्यायला विक्रेत्याने नकार दिला, तर ती गाडी सोडून द्यावी. आणि २०१३ च्या आधीची ड्राय क्लचची गाडी असून तेल बदलून घेतल्याचा कागद नसेल, तर भाव कितीही उतरवला तरी ती मी स्वतः घेणार नाही.