सुवार्ता सांगायची, पण आधी ऐकायचं

मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, सुवार्ता (येशूचा शुभसंदेश) इतरांना सांगण्याचा विषय निघाला की दोनच सूर ऐकू येतात. पहिला, 'ते पाळकांचं काम, आपण दान देतो की!' दुसरा, 'दिसेल त्याला सांगून मोकळं व्हा, ऐको न ऐको.' मला दोन्ही पटत नाहीत, आणि दुसऱ्याचा तर रागच येतो.

पहिल्याला फार वेळ देत नाही. बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाचा आठवा अध्याय उघडा. छळ सुरू झाला, विश्वासणारे यरुशलेमेतून पांगले आणि जातील तिथे वचन सांगत गेले. प्रेषित, म्हणजे येशूचे खास निवडलेले शिष्य, मात्र यरुशलेमेतच होते. म्हणजे सांगणारी साधी माणसं होती.

आता दुसरा. आयसीयूबाहेर मुलगा मांडीवर फाइल घेऊन बसलाय, बाप आत व्हेंटिलेटरवर. कुणीतरी येतं, त्याच्या हातात धर्मप्रचाराची पत्रिका कोंबतं, 'आज मेलात तर कुठे जाल?' असं विचारतं आणि पुढच्या बाकाकडे वळतं. मुलाचं नाव विचारलं नाही, आत कोण आहे तेही नाही. हे मी पाहिलंय. (आणि नंतर मंडळीत याचीच साक्ष झाली, म्हणजे सगळ्यांपुढे अनुभव म्हणून सांगितलं गेलं, टाळ्यांसकट.)

त्याच आठव्या अध्यायात फिलिप्प आहे, त्या पांगलेल्यांपैकीच एक. गाझाकडे जाणारा ओसाड रस्ता, इथिओपियाच्या कांदके राणीचा खजिनदार रथात बसून यशया संदेष्ट्याचा ग्रंथ वाचतोय. फिलिप्प धावत रथाजवळ जातो आणि आधी तो काय वाचतोय ते ऐकतो. मग विचारतो, वाचताय ते समजतंय का? खजिनदार म्हणतो, कुणी सांगितल्याशिवाय कसं समजणार? आणि त्याला वर बसायला बोलावतो. संदेष्टा हे स्वतःविषयी म्हणतो की दुसऱ्या कुणाविषयी, हा पुढचा प्रश्नही खजिनदाराचाच. फिलिप्प त्याच वचनापासून सुरुवात करून येशूपर्यंत येतो. पाठ केलेले मुद्दे तो म्हणून दाखवत नाही. पाणी दिसल्यावर बाप्तिस्म्याचं कोण काढतं? तेही खजिनदारच!

'म्हणजे कुणी विचारेपर्यंत गप्प बसायचं?' असं लगेच विचारलं जातं. नाही हो, फिलिप्प धावला होता! पुढाकार त्याचाच होता. येशूचा शिष्य पेत्रही आपल्या पत्रात उत्तर द्यायला नेहमी तयार राहा म्हणतो, फक्त ते सौम्यतेनं आणि आदरानं द्या, असंही त्याच वाक्यात सांगतो. ते अर्धं वाक्य आपण सोयीनं गाळतो.

खरी अडचण आकड्यांची आहे. 'या महिन्यात किती आत्मे?', म्हणजे किती जणांनी विश्वास ठेवला, असं विचारलं जाऊ लागलं की माणसं घाई करतात, कधी भीती घालतात, कधी आमिष दाखवतात. असल्या होकाराला मी विश्वास म्हणणार नाही. अथेन्समध्ये प्रेषित पौलाचं भाषण ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, आणि दियोनुस्य, दामारी अशा थोड्यांनी विश्वास ठेवला. पौल तिथून निघाला, कुणाच्या मागे लागला नाही. इंग्रज मिशनरी विल्यम केरी 1793 मध्ये बंगालात आले आणि त्यांच्या मिशनमधला पहिला बंगाली बाप्तिस्मा झाला तो 1800 च्या डिसेंबरात, कृष्ण पाल या सुताराचा. त्याचा हात निखळला होता, तो मिशनच्या डॉक्टरनं बसवून दिला होता. आजच्या अहवालात मधल्या वर्षांपुढे काय लिहिलं असतं? शून्य?

पटत नसेल तर खुशाल भांडा. फक्त आठवा अध्याय पूर्ण वाचून या, रथापाशी थांबू नका.